वाचकांचे प्रश्न : रोजच्या बायबलवाचनाची पद्धत कशी निवडावी?

प्रश्न : गेली काही वर्षे मी दर १ जानेवारीला उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायापासून वाचन सुरू करते. वर्षभरात संपूर्ण बायबल वाचून पूर्ण करायचे, असा निश्चय असतो. उत्पत्ती आनंदाने वाचून होते, निर्गमाचा पूर्वार्धही होतो. पुढे निवासमंडपाची मापे, अर्पणांचे नियम आणि शिरगणती यांत वाचन रेंगाळते, राहिलेले अध्याय साठत जातात आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पुस्तक मिटते. माझ्या परिचयातील काही जण रोज चार ठिकाणचे चार अध्याय वाचतात, काही जण घटनांच्या कालक्रमाने वाचतात, तर एक बाई एकाच पुस्तकावर महिना महिना घालवतात. मी यांपैकी कोणती पद्धत निवडावी?

उत्तर : तुमचे वाचन फेब्रुवारीत थांबते, त्याला निष्ठेच्या उणिवेपेक्षा साधे गणित अधिक कारणीभूत आहे. प्रॉटेस्टंट परंपरेतील बायबलात ६६ पुस्तके आणि १,१८९ अध्याय आहेत. त्यांपैकी ९२९ अध्याय जुन्या करारात आणि २६० नव्या करारात येतात. कॅथलिक बायबलात ७३ पुस्तके असल्यामुळे हा आकडा आणखी वाढतो. हे सारे ३६५ दिवसांत बसवायचे, तर दररोज सरासरी सव्वातीन अध्याय वाचावे लागतात. या वेगाने उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० अध्याय जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात संपतात आणि लगेच लेवीयाचे २७ व गणनेचे ३६ अध्याय समोर येतात. म्हणजे ज्या मजकुरासाठी सर्वांत जास्त सवड आणि सर्वांत जास्त मार्गदर्शन हवे, तोच मजकूर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत रोज तीन-तीन अध्याय या गतीने उरकावा लागतो. त्यात एखादा दिवस आजारपणात गेला, की दुसऱ्या दिवशी साडेसहा अध्याय उभे राहतात आणि तिसऱ्या दिवशी जवळजवळ दहा. वाचनाला अशा रीतीने थकबाकीचे रूप आले, की बायबल उघडण्याआधीच मनावर अपराधीपणाचे ओझे येते, आणि ते ओझे घेऊन फार काळ कोणी टिकत नाही.

म्हणून पद्धत निवडण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा. सध्या मला संपूर्ण बायबलाचा आवाका समजून घ्यायचा आहे, की त्यातील एखाद्या पुस्तकाच्या सहवासात राहायचे आहे? दोन्ही गरजा खऱ्या आहेत आणि प्रत्येक वाचकाच्या आयुष्यात दोन्ही आलटून पालटून येतात. परंतु आवाक्यासाठी आखलेल्या पद्धतीकडून सखोल मननाची अपेक्षा केली तर निराशा पदरी पडते, आणि मननाच्या पद्धतीने उत्पत्ती ते प्रकटीकरण असा प्रवास करू गेल्यास आयुष्य पुरत नाही. वर्षाची बहुतेक वेळापत्रके पहिल्या गरजेसाठी केलेली असतात. ती हाती घेणाऱ्यांपैकी पुष्कळांना मात्र खरी गरज दुसरी असते, असे मला तुमच्यासारख्या पत्रांवरून वाटत आले आहे.

चार ठिकाणचे चार अध्याय वाचण्याची जी पद्धत तुमचे परिचित वापरतात, ती बहुधा स्कॉटलंडमधील डंडी येथील तरुण पाळक रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी १८४२ च्या अखेरीस आपल्या मंडळीसाठी तयार केलेली योजना असावी. तिची सुरुवात १ जानेवारीला उत्पत्ती, मत्तय, एज्रा आणि प्रेषितांची कृत्ये या चार पुस्तकांच्या पहिल्या अध्यायांनी होते. जगाचा आरंभ, येशूचा जन्म, बंदिवासातून परतलेल्या लोकांचा नवा आरंभ आणि मंडळीचा आरंभ असे चार आरंभ पहिल्याच दिवशी शेजारी शेजारी येतात, आणि पुढेही जुन्या व नव्या करारातील उतारे एकमेकांवर प्रकाश टाकत राहतात. वर्षाअखेर जुना करार एकदा, तर नवा करार आणि स्तोत्रसंहिता दोनदा वाचून होते. लेवीय वाचत असतानाही त्याच दिवशी नव्या करारातील एखादा अध्याय हाती असतो, हा या पद्धतीचा मोठा आधार आहे. मात्र एक गोष्ट सहसा विसरली जाते. मॅकशेन यांनी चारांपैकी दोन अध्याय कुटुंबाच्या प्रार्थनेसाठी आणि दोन एकांतातील वाचनासाठी ठेवले होते. आज पुष्कळ जण चारही अध्याय एकट्याने, एकाच बैठकीत वाचतात आणि दमतात. शिवाय त्यांनी योजनेबरोबरच तिचे धोकेही मंडळीला लिहून कळवले होते: वाचन निव्वळ उपचार होऊन बसेल, ठरलेला भाग पूर्ण केल्याचे समाधान स्वतःच्या धार्मिकतेच्या अभिमानात बदलेल, वाचन निष्काळजी होईल, आणि काहींना हे जू पेलणार नाही. या योजनेच्या पहिल्याच वर्षी, मार्च १८४३ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आज ही योजना वापरणाऱ्या प्रत्येकाने ती तारखांच्या तक्त्याबरोबर त्या इशाऱ्यांसह स्वीकारावी, असे मी आग्रहाने सांगेन.

कालक्रमाची पद्धत ज्यांनी बायबल एकदा तरी वाचले आहे त्यांच्यासाठी विशेष उपयोगी आहे, कारण संदेष्ट्यांची पुस्तके तिच्यामुळेच उलगडतात. छापील क्रमात यशया, यिर्मया, आमोस ही पुस्तके राजांच्या इतिहासापासून फार दूर पडतात आणि नव्या वाचकाला ते कोणाशी, कोणत्या प्रसंगी बोलत आहेत हे कळत नाही. २ राजे १४ मध्ये दुसऱ्या यराबामाचे राज्य वाचून लगेच आमोस व होशेय वाचले, की त्या भरभराटीच्या काळात गरिबांची काय अवस्था होती आणि संदेष्ट्यांचा संताप कशासाठी होता, हे स्पष्ट होते. हिज्कीयाची हकीकत २ राजे १८ ते २० मध्ये आणि जवळजवळ त्याच शब्दांत यशया ३६ ते ३९ मध्ये आहे. दोन्ही एकत्र वाचल्यास इतिहास आणि संदेश यांची सांगड बसते. इ. स. पू. ७२२ च्या सुमारास झालेला उत्तरेकडील इस्राएल राज्याच्या राजधानीचा, शोमरोनचा पाडाव, इ. स. पू. ५८६ च्या सुमारास झालेला यरुशलेमेचा विध्वंस आणि त्यानंतर अर्ध्या शतकाने बाबेलातून सुरू झालेले परतणे, हे तीन टप्पे लक्षात ठेवले तरी संदेष्ट्यांपैकी बहुतेकांची जागा सापडते. हाग्गय आणि जखऱ्या यांचा उल्लेख तर एज्राच्या पाचव्या अध्यायात नावानिशी आहे. तरी काही पुस्तकांचा काळ अभ्यासकांमध्ये वादाचा आहे, योएल हे त्याचे एक उदाहरण. त्यामुळे अशा वेळापत्रकातील क्रम हा संपादकाचा अंदाज असतो, हे ध्यानात ठेवून वाचावे.

तुम्ही उल्लेख केलेल्या बाईंची पद्धत मला तुमच्यासाठी सर्वांत योग्य वाटते, आणि त्याचे कारण जरा सविस्तर सांगतो. बायबलातील अध्याय हे मूळ लेखकांनी पाडलेले नाहीत. आज प्रचलित असलेली अध्यायांची विभागणी तेराव्या शतकाच्या आरंभी स्टीफन लँग्टन या इंग्लिश धर्मपंडितांच्या नावाशी जोडली जाते, आणि नव्या कराराच्या वचनांचे आजचे क्रमांक रोबेर एतिएन या मुद्रकाने १५५१ मध्ये छापले. संदर्भ शोधण्यासाठी ही सोय अतिशय मोलाची आहे, परंतु वाचनाचे माप म्हणून ती अनेकदा फसवी ठरते. सृष्टीची पहिली कथा उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात संपत नाही. सातव्या दिवसाचा विसावा दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनापर्यंत जातो. दुःख सोसणाऱ्या सेवकाचे गीत यशया ५३ मध्ये सुरू होत नाही, ते ५२ व्या अध्यायाच्या तेराव्या वचनापासून सुरू होते. ‘माझे अनुकरण करा’ हे पौलाचे आवाहन करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायाच्या तोंडी छापलेले असले, तरी त्याचा संबंध दहाव्या अध्यायातील युक्तिवादाशी आहे. रोज बरोबर एक अध्याय किंवा बरोबर तीन अध्याय वाचून थांबणारा वाचक अशा ठिकाणी वाक्याच्या मध्येच उठून जातो. पुस्तक हे लेखकाने ठरवलेले एकक आहे, आणि पत्रे तर पहिल्या वाचकांनी सलग ऐकली होती. कलस्सैकरांस पत्राच्या शेवटी पौल ते मंडळीत वाचून दाखवण्यास आणि मग लावदिकीयाच्या मंडळीकडे पाठवण्यास सांगतो.

तेव्हा तुम्ही पुढचे काही महिने असे करून पाहावे. एक पुस्तक निवडावे, सुरुवातीला मार्काचे शुभवर्तमान किंवा फिलिप्पैकरांस पत्र. पहिल्या दिवशी किंवा पहिल्या सुटीच्या दिवशी ते सबंध वाचावे. फिलिप्पैकरांस पत्राला पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि मार्काच्या १६ अध्यायांना साधारण दीड ते दोन तास. त्यानंतर त्याच पुस्तकाचा रोज एकेक प्रसंग किंवा एकेक परिच्छेद घ्यावा, जिथे विचार पूर्ण होतो तिथे थांबावे आणि तिथे पेन्सिलीने तारीख लिहून ठेवावी. दुसऱ्या दिवशी त्याच खुणेपासून पुढे जावे, मग मधे एक दिवस गेलेला असो वा दहा. या रीतीत राहून गेलेला भाग नावाची गोष्टच उरत नाही. जोडीला रोज एक स्तोत्र ठेवावे. १५० स्तोत्रे आहेत, म्हणजे पाच महिन्यांत एक आवर्तन होते; ११९ व्या स्तोत्राला मात्र त्याच्या आठ-आठ वचनांच्या २२ कडव्यांप्रमाणे तितके दिवस द्यावेत. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकाने सोळाव्या शतकापासून सर्व स्तोत्रे सकाळ-संध्याकाळ वाटून ३० दिवसांत वाचण्याची प्रथा ठेवली आहे. ती सुंदर आहे, पण ती तुम्ही नंतर, सवय रुळल्यावर घ्यावी.

आणि संपूर्ण बायबल वाचण्याची तुमची इच्छा सोडू नका. ती चांगली इच्छा आहे. फक्त वर्षाची अट सोडा. रोज एक अध्याय या गतीनेही सारे ११८९ अध्याय सव्वातीन वर्षांत वाचून होतात. लेवीय तेव्हा वाचावे जेव्हा इब्री लोकांस पत्र हाती असेल. लेवीयाच्या १६ व्या अध्यायात प्रमुख याजक वर्षातून एकदा परमपवित्रस्थानात कसा जातो ते वाचून लगेच इब्री ९ व १० वाचले, म्हणजे ज्या मापांनी आणि नियमांनी तुम्हांला थांबवले त्यांच्यावाचून ख्रिस्ताच्या बलिदानाबद्दलची नव्या कराराची भाषा समजणे शक्य नाही, हे तुमचे तुम्हांलाच दिसेल. ‘आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ ही आज्ञाही याच पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात आहे, आणि फेब्रुवारीच्या घाईत तिच्यापर्यंत किती थोडे वाचक पोहोचतात, याची मला खंत वाटते.

प्रश्न : मला सकाळी फार थोडा वेळ मिळतो. मी रोज मोबाइलवर येणारे एक वचन आणि त्याखालील चार ओळींचे चिंतन वाचतो. एका ज्येष्ठ बंधूंचे म्हणणे असे, की हे वाचन नव्हेच. ते बरोबर आहे काय?

उत्तर : त्यांच्याशी मी पूर्ण सहमत नाही, आणि पूर्ण असहमतही नाही. दिवसाला एक वचन घेण्याची परंपरा जुनी व आदरणीय आहे. जर्मनीतील हेर्नहुट येथील मोरावियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या बांधवांमध्ये काउंट झिंझेनडॉर्फ यांनी १७२८ मध्ये रोज एक वचन देण्यास आरंभ केला, आणि १७३१ पासून त्या वचनांची पुस्तिका दरवर्षी छापली जात आहे. परंतु त्या पुस्तिकेतही जुन्या करारातील वचनाला नव्या करारातील एका वचनाची जोड देतात, आणि ती ज्यांच्यासाठी निघाली ते लोक बायबल जवळून जाणणारे होते. वचन दिसताच त्याच्या भोवतीचा प्रसंग त्यांच्या मनात उभा राहत असे.

ज्याला तो प्रसंग माहीत नाही, त्याच्या हाती सुटे वचन कधीकधी मूळ अर्थाच्या अगदी उलट अर्थाने पडते. ‘आपण एकमेकांच्या दृष्टिआड झालो म्हणजे परमेश्वर तुझ्यामाझ्यावर नजर ठेवो’ अशा आशयाचे उत्पत्ती ३१:४९ हे वचन दूर जाणाऱ्या प्रियजनांना आशीर्वाद म्हणून लिहून देण्याची रीत आहे. तो अध्याय सबंध वाचावा. याकोब सासऱ्याला न सांगता निघून गेला आहे, लाबान त्याचा पाठलाग करत आला आहे, दोघांचा एकमेकांवर काडीचाही विश्वास नाही, आणि कोणीही दगडांची ती रास ओलांडून दुसऱ्याचे वाईट करू नये म्हणून लाबान देवाला पहारेकरी नेमत आहे. यिर्मया २९:११ मधील भल्या योजनांचे आश्वासनही असेच एकटे फिरते. त्याआधीच्याच वचनात हे सारे बाबेलातील ७० वर्षे भरल्यावर होईल असे सांगितले आहे, आणि ज्यांना ते पत्र पोहोचले त्यांच्यापैकी पुष्कळांना ते परतणे डोळ्यांनी दिसणार नव्हते. हे कळल्याने आश्वासनाचा धीर कमी होत नाही. उलट घाईने मोडून न पडणारी आशा कशी असते ते समजते.

तुम्ही वचन घेत राहा, पण त्याला उघडलेल्या बायबलाची जोड द्या. मोबाइलवरचे वचन आले, की ते ज्या परिच्छेदात आहे तो शोधून निदान आधीची व नंतरची दहा वचने वाचा, आणि चिंतनाच्या चार ओळी त्यानंतर वाचा, आधी नव्हे. त्याला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. आधी दुसऱ्याचे चिंतन वाचले, तर वचनात आपल्याला तेवढेच दिसते जेवढे त्याने दाखवले.

प्रश्न : वाचन नियमित होते, परंतु मनात काही उरत नाही. दुपारी विचारले तर सकाळी काय वाचले हे सांगता येत नाही. कठीण भाग आले की मी ते वगळतो. यावर काही उपाय आहे का?

उत्तर : बाराव्या शतकातील, कार्थूजियन या कॅथलिक संन्यासी संघाचे मठाधिपती दुसरे गिगो यांनी आध्यात्मिक वाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: वाचन, मनन, प्रार्थना, आणि देवाच्या सान्निध्यात स्तब्ध राहणे. तुम्ही बहुधा पहिल्या पायरीवरून उतरून कामाला लागत आहात. उतारा लहान घ्या, आठ-दहा वचनांचा, आणि तो दोनदा वाचा, दुसऱ्यांदा मोठ्याने. मग पुस्तक मिटून तो आपल्या शब्दांत सांगून पाहा. जे सांगता आले नाही ते पाहण्यासाठी पुन्हा उघडा. त्यानंतर त्या उताऱ्यातील एकच गोष्ट घेऊन प्रार्थना करा: ज्याबद्दल उपकार मानावेत असे काही असेल तर ते, ज्याने दोषी ठरवले असेल तर ते, जे समजले नाही ते सुद्धा. वही ठेवायची असेल तर तीत एक वाक्य लिहावे आणि एक प्रश्न लिहावा. पानेच्या पाने लिहिण्याचा संकल्प करू नये. तो वेळापत्रकासारखाच कोसळतो.

वाचलेले दुपारी आठवत नाही याची एवढी चिंता करू नका. स्मरण ही वाचनाची एकच कसोटी नाही. बिरुया येथील लोकांची प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये जी प्रशंसा आहे, ती ते दररोज शास्त्र तपासून पाहत होते याबद्दल आहे. त्यांना पौलाने सांगितलेले खरे आहे काय हे जाणून घ्यायचे होते. मनात एक प्रश्न घेऊन वाचणाऱ्याचे लक्ष भटकत नाही. म्हणून बसण्यापूर्वी साधे प्रश्न ठरवून घ्यावेत: येथे बोलणारा कोण आहे, ऐकणारे कोण आहेत, आधी काय घडले आहे, देवाबद्दल येथे काय सांगितले आहे, आणि मला आज काय करण्यास सांगितले जात आहे? शेवटचा प्रश्न शेवटीच विचारावा. तो पहिल्यांदा विचारला, तर प्रत्येक उताऱ्यातून आपल्याला आधीच ठाऊक असलेलेच उत्तर निघते.

कठीण भाग वगळण्याबाबत मात्र मी थोडे ठामपणे बोलतो. शास्ते १९ मधील क्रौर्य, १३७ व्या स्तोत्राची शेवटची वचने, ईयोबाची देवाशी झालेली झुंज हे सारे बायबलातच आहे, आणि ते वगळून तयार होणारे बायबल आपल्या सोयीचे असते. शास्तेचे पुस्तक त्या अत्याचाराला संमती देत नाही. त्या काळी इस्राएलात राजा नव्हता आणि प्रत्येक जण आपल्याला बरे दिसेल ते करीत असे, हे त्याचे अखेरचे वाक्य त्या साऱ्यावरचा निवाडा आहे. १३७ वे स्तोत्र ज्यांनी आपले शहर बेचिराख होताना पाहिले त्यांचा आक्रोश आहे, आणि तो त्यांनी शस्त्राच्या रूपाने हाती घेतला नाही, प्रार्थनेच्या रूपाने देवापुढे मांडला. असे भाग एकट्याने वाचू नयेत, एवढेच मी सुचवीन. प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये कूश देशाचा एक षंढ अधिकारी रथात यशया वाचत होता तेव्हा ‘आपण जे वाचता ते आपल्याला समजते काय?’ असे फिलिप्पाने विचारल्यावर त्याने कोणी मार्ग दाखवल्यावाचून कसे समजेल, असे मोकळेपणाने म्हटले आणि फिलिप्पाला जवळ बसवून घेतले. आपल्या पाळकांना किंवा एखाद्या अनुभवी बहिणीला, बंधूला विचारण्यात संकोच करू नका. जवळ बायबलाचा अर्थ उलगडून सांगणारे एखादे विश्वासार्ह टीकापुस्तक असेल तर तेही वापरा, परंतु उतारा स्वतः वाचून झाल्यानंतर.

प्रश्न : घरात सात वर्षांची मुलगी, चौदा वर्षांचा मुलगा आणि दृष्टी मंदावलेल्या सासूबाई आहेत. सर्वांनी मिळून वाचन करावे अशी इच्छा आहे, पण कोणाला लांब वाटते, कोणाला कंटाळवाणे. काय वाचावे आणि कसे?

उत्तर : मोठ्याने वाचावे, थोडे वाचावे, आणि कथा वाचाव्यात. बायबल बहुसंख्य लोकांनी शतकानुशतके कानांनीच ग्रहण केले आहे. नहेम्या ८ मध्ये एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो, स्त्रिया, पुरुष व ज्यांना समजण्याची शक्ती होती ते सर्व ऐकतात, आणि लेवी, म्हणजे मंदिराची सेवा करणारे लोक, त्याचा अर्थ समजावून सांगतात. प्रकटीकरणाच्या आरंभी तर वाचून दाखवणारा आणि ऐकणारे या दोघांनाही धन्य म्हटले आहे. तुमच्या सासूबाई या वाचनात कोणत्याही अर्थाने कमी पडत नाहीत. उलट त्यांना पाठ असलेली स्तोत्रे असतील, तर शेवटचे स्तोत्र म्हणण्याचा मान त्यांच्याकडे द्यावा. एकांतातील वाचनासाठी त्यांना ध्वनिमुद्रित बायबल लावून द्यावे. संपूर्ण बायबल मोठ्याने वाचण्यास साधारण ७० ते ८० तास लागतात, म्हणजे रोज पंधरा मिनिटे ऐकूनही ते वर्षभरात होते. गंमत अशी, की वर्षाचे जे वेळापत्रक डोळ्यांनी वाचणाऱ्याला जड जाते, ते कानांनी ऐकणाऱ्याला पेलते.

कुटुंबासाठी उत्पत्तीतील योसेफाची कथा, रूथ, पहिल्या शमुवेलातील दावीद, एस्तेर, योना आणि मार्क या क्रमाने जावे. रूथची चार अध्यायांची कथा चार संध्याकाळी पुरी होते. सात वर्षांच्या मुलीला पुढे काय होईल असे विचारावे. चौदा वर्षांच्या मुलाकडे वाचून दाखवण्याचे काम द्यावे आणि त्याने शंका काढल्या तर त्यांना उर्मटपणा समजू नये. त्या वयात विचारलेल्या शंकेला मोकळे उत्तर मिळाले, किंवा ‘आपण दोघे मिळून शोधू’ एवढे जरी ऐकू आले, तर तो पुढेही विचारत राहील. वाचनावर प्रवचन करू नये. दहा मिनिटे पुरेत. अनुवाद ६ मध्ये आईवडिलांना घरी बसलेले असताना, मार्गाने चालताना, निजताना व उठताना या वचनांविषयी बोलण्यास सांगितले आहे. तेव्हा उरलेले बोलणे दिवसभरात, प्रसंग निघेल तसे होऊ द्यावे.

प्रश्न : आमच्या मंडळीत रविवारचे पाठ ठरलेले असतात. घरचे वाचन त्यांना जोडून करावे की वेगळे?

उत्तर : जमेल तर जोडून करावे. तीन वर्षांच्या पाठक्रमात पहिल्या वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क आणि तिसऱ्या वर्षी लूक प्रामुख्याने वाचले जाते, व योहानाचे शुभवर्तमान विशेषतः पुनरुत्थानकाळाच्या (ईस्टरच्या) आसपास येते. त्या त्या वर्षाचे शुभवर्तमान तुम्ही घरी सलग वाचत राहिलात, तर रविवारचा तुटक उतारा आपल्या जागी बसतो आणि उपदेशही वेगळ्या कानाने ऐकला जातो. मात्र रविवारच्या पाठांत संपूर्ण बायबल येत नाही. जुन्या करारातील मोठे भाग त्यांत कधीच वाचले जात नाहीत. ते घरीच वाचावे लागतात.

प्रश्न : मी ख्रिस्ती नाही. बायबल समजून घेण्याच्या इच्छेने ते पहिल्या पानापासून वाचू लागलो, पण धागा हाती लागत नाही. रोज थोडे वाचायचे तर कोठून आरंभ करावा?

उत्तर : लूककृत शुभवर्तमानापासून. लूक आपल्या पहिल्याच वाक्यात थियफिल नावाच्या गृहस्थाला सांगतो, की ज्या गोष्टींचे शिक्षण त्याला मिळाले आहे त्यांची खात्री पटावी म्हणून त्याने सर्व गोष्टींचा मुळापासून शोध करून हा वृत्तान्त क्रमाने लिहिला आहे. बाहेरून आलेल्या वाचकाला याहून सोयीचे दार नाही. त्याचे २४ अध्याय रोज एक याप्रमाणे महिन्याच्या आत होतात, आणि त्याच लेखकाचे प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक पुढची कथा सांगते. त्यानंतर मागे वळून उत्पत्ती आणि निर्गमाचे पहिले २० अध्याय वाचावेत, कारण अब्राहाम, मोशे, वल्हांडण यांचे जे उल्लेख लूकमध्ये येऊन गेले त्यांची मुळे तेथे आहेत. मग काही स्तोत्रे, २३ वे, ५१ वे, १०३ वे, आणि रोमकरांस पत्र. प्रकटीकरण सर्वांत शेवटी ठेवावे. त्यातील बहुतेक प्रतिमा यहेज्केल, दानीएल व जखऱ्या यांच्या पुस्तकांतून आलेल्या आहेत आणि ती पुस्तके न वाचता ते उघडणारा वाचक भलभलते अर्थ काढत बसतो. वाचताना जे पटत नाही तेथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करा आणि पुढे जा. लूक संपल्यावर तीच प्रश्नचिन्हे घेऊन एखाद्या जाणत्या ख्रिस्ती माणसाशी बोला, आणि आमच्याकडेही लिहून पाठवा. त्यांची उत्तरे देण्याचा आम्ही मनापासून प्रयत्न करू.